पारसभाऊंचा नियम

पारसभाऊंना कोणी उत्तर सांगितलेलं खपत नसे. कोडं असो, निवडणुकीचा निकाल असो, नाहीतर शेजारच्या घरात मुलगा झाला की मुलगी हे असो. सांगणाऱ्याने तोंड उघडायचा अवकाश, त्यांचा पंजा वर यायचा. "थांबा, सांगू नका." मग डोळे बारीक करून, ओठ आत घेऊन ते विचार करत बसायचे आणि समोरचा माणूस बातमी पोटात ठेवून कासावीस व्हायचा. ते जाऊन आता वर्ष होत आलं.

मी त्यांचा भाडेकरू. शाळेत मराठी शिकवतो. गाव नरडाण्याजवळचं, पण जळगावात येऊन त्यांच्या वरच्या मजल्यावर टेकलो तो टेकलोच. पारसभाऊ मारवाडी जैन. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. घरात मारवाडी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि खेड्यावरचं गिऱ्हाईक आलं की अहिराणी. ती इतकी अस्सल की माझ्या आईने एकदा त्यांना विचारलं होतं, "भाऊ, तुमनं गाव कोनतं शे?" भाऊ खूश. आईला त्यांनी तेवढ्यावर एक तांब्या भेट दिला आणि मला मात्र कधी चमचासुद्धा नाही.

दुकानाच्या मागच्या भागात सुट्या झाकणांचा एक ढीग होता. बायका झाकण हरवलेले डबे घेऊन यायच्या. नोकर ढिगाला हात घालायला गेला की भाऊ त्याला बाजूला करायचे आणि स्वतः मांडी घालून बसायचे. एकेक झाकण लावून बघायचे. बरीच झाकणं बसायची नाहीत, पण त्यांची घाई नसायची. एखादं चपखल बसलं की तो बारीकसा आवाज ऐकून त्यांचा चेहरा उजळायचा. समोर लग्नाच्या भांड्यांसाठी आलेली मंडळी ताटकळत उभी असायची. पुतण्या चरफडायचा. "काका, गिऱ्हाईक जातंय." भाऊ म्हणायचे, "जाऊ दे. ते दुसरीकडे भांडी घेईल. या डब्याला दुसरीकडे झाकण मिळणार आहे का?"

या स्वभावाची खरी झळ बसली ती भाभींना. सुशीलाभाभी म्हणजे त्यांच्या पत्नी. अंगाने लहानखुऱ्या, बोलायला कमी, धर्माला पक्क्या. एकदा सावद्याला केळीच्या एका व्यापाऱ्याकडे, त्यांच्या नात्यातच, लग्न होतं. मीही बरोबर होतो. सावदा असं केवढं? पण यजमानांचं नवं घर भाऊंनी पाहिलेलं नव्हतं आणि पत्ता विचारायला ते तयार नव्हते. "वाजंत्री ऐकू येतेय ना? मग विचारायचं कशाला?" त्या दिवशी गावात आणखी एक लग्न होतं. आधी आम्ही त्या मांडवात गेलो, तिथे कोणाकोणाला नमस्कार करून बाहेर पडलो, मग केळीच्या वखारींमधून फिरत राहिलो. खऱ्या मांडवात पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. सूर्यास्तानंतर त्यांच्यात जेवत नाहीत. मी बिगरजैन पाहुण्यांच्या पंगतीला बसलो आणि हे दोघं समोर खुर्च्यांवर उपाशी. भाऊंनी माझ्या पानाकडे बघत विचारलं, "सर, श्रीखंड कसं आहे? नाही, नको, सांगू नका." भाभी परतीच्या वाटेवर भुसावळ मागे पडलं तरी त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

पूनम, त्यांची एकुलती मुलगी, पुण्यात असते. तिने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना इथे आणून ठेवला. त्यात तिच्या कॉलेजच्या दिवसांतला एक गेम होता. भाऊंनी तो सहज उघडून पाहिला आणि त्यांचं त्या घराशी जे जुळलं ते कायमचं.

घरच म्हणतो, कारण तो खेळ म्हणजे एक मोठं रिकामं दगडी घर होतं. खेळणाऱ्याला सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यासारखं दिसतं. मान वळवली की भिंत वळते, चाललं की फरशी पुढे सरकते. आपण स्वतः मात्र कुठे दिसत नाही. प्रत्येक खोलीत एक बंद दार, दाराआधी एक खोल खड्डा, आणि एक कंदील. खोलीत रांजण, शिड्या, पुतळे असं काहीबाही मांडलेलं. कंदील नेमक्या जागी ठेवला की वस्तूची सावली खड्ड्यावर पडते आणि त्या घरात सावलीवर पाय ठेवून चालता येतं. पलीकडे गेलं की दार उघडतं. एवढंच. बंदूक नाही, शत्रू नाही, घड्याळ नाही. खड्ड्यात पडलं तरी जिथून निघालो तिथेच परत उभे. मला भाऊंनी पहिल्यांदा खुर्चीत बसवलं तेव्हा दोनच गिरक्यांत भोवळ आली आणि मी भाभींकडे लिंबाचं सरबत मागितलं.

जावयाने एकदा मोठ्या कौतुकाने नवा गेम टाकून दिला. चित्रं अगदी खऱ्यासारखी. भाऊंनी अर्धा तास खेळून बंद केला. "सर, एकाने मला पाठीमागून गोळी मारली हो. ओळख ना पाळख!" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मग ते आपल्या जुन्या घरात परत गेले. इतका जुना खेळ, चित्रंही आता ओबडधोबड वाटणारी, पण पूनम सांगायची की जगभर लोक अजून तो काढून खेळतात. मला हे कोडंच होतं. मी भाऊंना विचारलं, काय आहे त्यात? ते म्हणाले, "दुकानात प्रत्येकाला घाई असते. घरी म्हणाल तर प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. तिथे ते दार नुसतं थांबून असतं. मी आज गेलो काय, उद्या गेलो काय. आणि सर, ते कोणीतरी उघडण्यासाठीच बंद केलंय. हे मनात आलं की बरं वाटतं."

धुण्याभांड्याच्या मंगलअक्काला या सगळ्याची धास्ती वाटायची. दारातून पडद्याकडे बघत ती म्हणायची, "मायबाई, ते घर कोनं शे? बठ्ठा दिन भाऊ तठेच फिरी ऱ्हायनात." भाऊ मागे न बघता उत्तर द्यायचे, "कोनंच नई शे, अक्का. म्हनीसन तर मी जास." कोणाचंच नाही, म्हणून तर जातो.

सगळ्या खोल्या उघडल्या. शेवटची उरली. ती एक लांबरुंद दालनासारखी, मध्ये खड्डा, पलीकडे दार, हातात कंदील. आणि बाकी काही नाही. रांजण नाही, शिडी नाही, पुतळा नाही. सावली पाडायला वस्तूच नाही. भाऊ कंदील हातात धरून त्या खोलीत महिनोन् महिने फिरले. पूनम म्हणाली, "पप्पा, नेटवर दोन मिनिटांत उत्तर मिळेल." पंजा वर.

आता नियमाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यांच्या समाजात चातुर्मासात महाराजांसमोर हात जोडून लहानमोठे नियम घेतात. कोणी हिरवी भाजी सोडतं, कोणी चहा. एकदा घेतलेला नियम पूर्ण होईपर्यंत मोडायचा नाही. त्या वर्षी उपाश्रयात साध्वीजींसमोर भाऊंनी नियम घेतला, की ते शेवटचं दार मी स्वतः, कोणी उत्तर न सांगता उघडेपर्यंत मला आंबा वर्ज्य. साध्वीजींनी विचारलं, कुठलं दार? भाऊंनी सगळं समजावून सांगितलं. त्या हसल्या म्हणे, पण नियम दिला.

आंबा म्हणजे भाऊंचा जीव की प्राण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रसाचं पातेलं त्यांच्यासमोर आलं की खापरावरच्या पुरणपोळ्या कमी पडत. पण आर्द्रा नक्षत्र लागलं की या घरात आंबा तसाही बंद होतो, मग तो पुढच्या आखाजीपर्यंत पुन्हा आणायचा नाही. नियम घेतला तेव्हा आर्द्रा लागून गेली होती. म्हणजे सोडलं असं काहीच नव्हतं. व्यापारी डोकं! मला डोळा मारून म्हणाले, "आखाजीला अजून केवढा अवकाश आहे, सर. तोवर दार काय उघडत नाही होय?"

दार उघडलं नाही. आखाजी आली, भाऊंनी रसाऐवजी दुधाबरोबर पोळी खाल्ली. हसतच खाल्ली. त्याच उन्हाळ्यात बोदवडच्या एका लग्नाची भांडी त्यांच्याकडे होती. भांड्यांवर नाव टाकायचं काम भाऊ अजून स्वतःच्या हाताने करत. ताटं, वाट्या, घागर, परात, सगळ्यांवर त्यांनी नवरीच्या नावाऐवजी 'कमला' असं नाव टाकलं. कमला ही त्यांची लहानपणी वारलेली बहीण. पुतण्याने विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, "कमलाचंच लग्न आहे ना?"

औरंगाबादच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. पुतण्याने फार जपून, फार प्रेमाने त्यांचं दुकान बंद केलं. मग हे घर आणि ते घर, एवढंच उरलं. एक विलक्षण गोष्ट मात्र झाली. असले खेळ माणसाला एकदाच खेळता येतात. उत्तर कळलं की खोली संपली. भाऊंना आता उत्तरं राहिनाशी झाली. सकाळी पहिल्या खोलीत जायचे, रांजणाभोवती फिरायचे, कंदील इकडे तिकडे ठेवून बघायचे, आणि सावली खड्ड्यावर पडली की पहिल्यांदा झाला असेल तेवढाच आनंद. "सुशीला, ये, ये, बघ!" भाभी पीठ लागलेल्या हातांनी यायच्या. रोज यायच्या. मला ते बघवायचं नाही, पण खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भाऊ नियमही विसरले. आंबा विसरले नाहीत.

"या वर्षी आंबा आला नाही का?" ते विचारायचे. भाभी म्हणायच्या, "नाही आला." बाहेर हातगाड्यांवर आंब्यांचे ढीग आणि गाडीवाला गल्लीच्या तोंडापासून ओरडत येतोय. "तो तर आंबा आंबा म्हणतोय." भाभी उठून खिडकी लावून घ्यायच्या. मे महिन्यातलं जळगाव, आणि खिडकी बंद. भाऊ लहान मुलासारखे रडायचे. म्हणायचे, "मी काय केलंय तुझं?"

भाभींनी स्वतः आंबा केव्हाच सोडला होता. पण एवढं पुरण्यासारखं नव्हतं. पूनम फोनवर भांडायची. "मम्मी, दे ना त्यांना. त्यांना आठवत तरी आहे का?" भाभी म्हणायच्या, "त्यांना आठवत नाही म्हणून तर मला देता येत नाही." त्या उपाश्रयात जाऊन विचारून आल्या. साध्वीजींनी सांगितलं की नियम घेतलेला माणूस विसरून खाईल तर त्याला दोष नाही, नियमात तेवढी सूट आहे. भाभींनी विचारलं, आणि वाढणाऱ्याला आठवत असेल तर? साध्वीजी म्हणाल्या, "ते तुम्हालाच ठरवावं लागेल."

मला राग आला. मी तसा तोंडाळ आहे. म्हटलं, "भाभी, एका फळासाठी त्या माणसाला रडवायचं? हा कुठला धर्म?"

त्या चिडल्या नाहीत. पदराने ओटा पुसत राहिल्या. "सर, त्यांचं सगळं गेलं. दुकान गेलं. पूनमचं नाव गेलं. काल मला विचारत होते, बाई, तुम्ही कोणाकडच्या? त्यांनी स्वतः धरलेली एकच गोष्ट अजून आख्खी आहे. ती मी मोडू? तुम्ही सांगा, मोडते."

मग या बाईने काय करावं? भाऊ दुपारी झोपले की त्या कॉम्प्युटरपुढे बसायला लागल्या. कुठलं बटण दाबलं की चालतं, कसं वळायचं, हे पूनमने फोनवर शिकवलं. उत्तर मात्र तिच्याकडूनही घेतलं नाही. ज्या बाईने आयुष्यात मोबाइलवर हिरवं नि लाल बटण सोडून तिसऱ्याला हात लावला नव्हता, ती डोक्यावरचा पदर सावरत त्या रिकाम्या दालनात फिरू लागली. भिंतींना आपटायची, खड्ड्यात पडायची. वर माझ्या खोलीत मला खालून तिचा आवाज यायचा, "अरे देवा." पुढच्या वर्षीची आखाजीही तशीच गेली.

आर्द्रा लागायला दोनेक दिवस उरले असताना भाभी जिना चढून वर आल्या. त्यांना धाप लागली होती. म्हणाल्या, "उघडलं."

झालं होतं असं, की त्या वैतागल्या होत्या. कंदील हातात धरून धरून कंटाळल्या आणि रागाने तो खाली ठेवून दिला. आता मरू दे, पडायचं तर पडू, म्हणून सरळ खड्ड्याच्या दिशेने चालत सुटल्या. पडल्याच नाहीत. कंदील मागे होता आणि पुढे त्यांची स्वतःची सावली पडली होती. पावलागणिक ती पुढे सरकत गेली आणि त्या तिच्यावरून चालत पलीकडे. इतक्या खोल्या झाल्या, पण त्या खेळात आपल्यालाही अंग आहे हे कोणाच्या ध्यानात येणार? वस्तूच नाही तर कंदील ठेवायचा कशाला, म्हणून भाऊ तो कायम हातात घेऊन फिरत राहिले.

"पण सांगायचं तर नाही," भाभी म्हणाल्या. "नियमात तसं आहे. मी फक्त कंदील खाली ठेवून देईन. ते सांगणं होत नाही ना, सर?" त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मी मराठीचा मास्तर असूनही शब्दाचा कीस काढला नाही. म्हटलं, "नाही होत."

आर्द्रेच्या आदल्या दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. दार पुन्हा बंद असलेली ती खोली पडद्यावर लावून ठेवली होती, कंदील मागे फरशीवर. स्वयंपाकघरात आंबे पिळून रस तयार होता. त्याचा वास बाहेर येऊ नये म्हणून मधलं दार लोटलेलं. भाऊ खुर्चीत बसले. भाभी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या. आम्हा दोघांपैकी कोणीच काही बोलायचं नव्हतं.

भाऊंनी इकडे तिकडे बघितलं. मागे वळले. "कंदील खाली कोणी ठेवला?" आता उचलतात की काय, म्हणून माझा जीव टांगणीला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. पण ते पुन्हा दाराकडे वळले आणि पायाखाली बघत राहिले. डोळे बारीक झाले, ओठ आत गेले. कितीतरी दिवसांनी मला तो चेहरा दिसत होता. मग ते पुढे निघाले, अगदी हळू, आणि खड्डा संपला. दगडाचं ते दार घरघरत वर गेलं आणि पलीकडे उन्हात नुसता समुद्र दिसला.

"सुशीला!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "सुशीला, उघडलं! सर, बघा, मीच होतो हो! माझीच सावली!"

भाभी हसत होत्या आणि रडत होत्या. त्या आत धावल्या. वाटी, चमचा, रसावर तूप. मोजके क्षण लागले असतील. तेवढ्यात भाऊ खुर्चीत मागे टेकले, समुद्राकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत निघून गेलं.

भाभींनी वाटी समोर धरली. त्यानंतरचं बोलणं मारवाडीत झालं, मी मला समजलं तसं सांगतो.

भाऊंनी वाटीत पाहिलं आणि हात जोडले. "नको. माझा नियम आहे."

दोन उन्हाळे जो नियम त्यांना आठवला नव्हता, तो त्यांना त्या क्षणी आठवला. भाभींच्या हातातली वाटी तशीच राहिली. "नियम पूर्ण झाला. दार उघडलं. ते बघा ना."

भाऊंनी बघितलं. "हे कोणी उघडलं?"

"तुम्ही. आत्ताच. सरांना विचारा."

मी जोरजोराने मान हलवली. "भाऊ, तुम्हीच उघडलं. मी इथेच होतो."

त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. रागावले नाहीत. आपल्याला फसवणाऱ्या पोरांकडे बघावं तसं मायेने पाहिलं. "मी उघडलं असतं," ते म्हणाले, "तर मला आठवलं नसतं का?"

भाभी खुर्चीशेजारी फरशीवर बसल्या. वाटी मांडीत. भाऊंनी वाकून ती वाटी त्यांच्याकडे सरकवली. "तू खा. तुला कुठे नियम आहे? उद्या आर्द्रा लागेल, मग वर्षभर नाही मिळायचा." आर्द्राही आठवली होती. त्या नको म्हणाल्या तर त्यांनी स्वतः चमचा भरून त्यांच्या तोंडापाशी नेला. भाभींनी खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या एकेक चमचा गिळत होत्या, वाटी संपेपर्यंत. भाऊ समाधानाने बघत होते.

मग भाऊंनी भाभींच्याच पदराने त्यांचं तोंड पुसून दिलं आणि खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली. मला तिथे थांबवेना. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून मी एकदाच मागे पाहिलं. पडद्यावर दार सताड उघडं होतं, त्यातून समुद्र दिसत होता, मग भिंत वळली, आणि पारसभाऊ त्याच्याकडे पाठ करून, खड्ड्यात पडून पुन्हा अलीकडे येऊन, मागे फरशीवर ठेवलेला कंदील उचलून घेऊन, ते दार उघडायचं कसं याचा विचार करत त्या रिकाम्या दालनात हळूहळू फिरत होते.